विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना आधार कसा द्यावा: शिक्षक, नातेवाईक आणि मदतनीसांसाठी

विशेष शैक्षणिक गरजा असलेल्या मुलाच्या आईवडिलांना सल्ल्यांची ददात नसते. स्पीच थेरपिस्टने रोजचा वीस मिनिटांचा सराव दिलेला असतो, ऑक्युपेशनल थेरपिस्टने अर्ध्या तासाचा. शाळेने अभ्यासाच्या वेगळ्या वह्या लावलेल्या असतात आणि एखाद्या नातेवाइकाने परवाच नवा डॉक्टर सुचवलेला असतो. प्रत्येकाचं म्हणणं आपापल्या जागी बरोबर असतं. या सगळ्याची बेरीज मात्र कुणी करत नाही. ती रात्री अकरा वाजता आईला किंवा बाबांना करावी लागते, आणि तेव्हा कळतं की दिवसात तेवढे तासच नाहीत.

म्हणून या लेखातल्या प्रत्येक पायरीला एकच कसोटी लावली आहे: आपण मदत केल्यावर त्या घरातलं काम कमी झालं का? वाढलं असेल, तर हेतू कितीही चांगला असला तरी ती मदत नव्हे. शिक्षक, समुपदेशक, आजी-आजोबा, मित्र, पालक गट चालवणारे कार्यकर्ते अशा सगळ्यांसाठी हे लिहिलं आहे. पालकांनी स्वतः वाचलं तर इतरांकडून नेमकं काय मागायचं, ते ठरवायला उपयोग होईल.

शंका पहिल्यांदा बोलून दाखवताना

मुलाचं वेगळेपण अनेकदा आधी शिक्षकांच्या लक्षात येतं, कारण त्यांच्यासमोर त्याच वयाची बरीच मुलं एकत्र असतात. पण पालकांशी बोलण्याआधी दोन-तीन आठवडे नोंदी ठेवा. ‘लक्ष नसतं’ ही नोंद नाही, तो निष्कर्ष झाला. ‘गोष्ट ऐकताना पाच मिनिटांत तीनदा उठला, चित्रं जुळवताना मात्र पंधरा मिनिटं बसून राहिला’ ही नोंद. अशा नोंदीत मुलाला काय जमतं तेही आपोआप येतं, आणि पालकांना आपलं मूल ओळखीचं वाटतं. नुसत्या तक्रारींच्या यादीत ते दिसतच नाही.

शाळा सुटताना फाटकापाशी, इतर पालकांच्या देखत हा विषय काढू नका. वेळ ठरवा आणि शक्य असेल तर दोघांनाही बोलवा. एकट्या आईला बोलावलं की घरी जाऊन ही बातमी तिलाच सांगावी लागते, आणि उलटतपासणीही तिचीच होते.

सुरुवात प्रश्नाने करा. ‘घरी कसा असतो तो? तुम्हाला कशाची काळजी वाटते का?’ पुष्कळदा पालकांच्या मनात तीच शंका बरेच दिवस असते. फक्त कुणीतरी विचारायचं बाकी असतं. त्यांचं बोलून झाल्यावर आपलं निरीक्षण सांगा: ‘नावाने हाक मारली तर बरेचदा तो वळत नाही असं मला दिसलं. यामागे काय आहे ते मला सांगता येणार नाही, पण तपासून घेतलेलं बरं.’ आजाराचं किंवा अवस्थेचं नाव आपण घ्यायचं नाही. निदान करणं शिक्षकाचं काम नाही, आणि चुकीचं नाव एकदा कानात बसलं की ते निघत नाही.

याच्या उलट टोकाची चूक जास्त गोड वाटते. ‘काही मुलं उशिरा बोलतात, होईल सगळं ठीक’ असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी धन्यवाद मिळतात, आणि मुलाचे मोलाचे महिने जातात. मला विचाराल तर या धीर देण्याने जितकं नुकसान होतं, तितकं कठोर बोलण्यानेही होत नसावं.

पालक म्हणाले, ‘याचे बाबाही उशिराच बोलले होते,’ तर वाद घालू नका. ती खरी माहिती असू शकते. एक लहान, निरुपद्रवी पुढचं पाऊल सुचवा: ‘निदान कान तरी तपासून घेऊ या.’ मोठा निर्णय नाकारणारा माणूस लहान निर्णयाला सहसा नाही म्हणत नाही.

तपासण्या आणि अहवाल

कान आणि डोळे आधी तपासायचे, हे केवळ समजूत घालण्यासाठी म्हटलेलं नाही. मधल्या कानात पाणी साठलं की ऐकू येणं कमी-जास्त होत राहतं. आज मूल हाकेला ओ देतं, उद्या देत नाही, आणि मोठ्यांना ते हट्टी वाटतं. बोलणं उशिरा येण्याचं, वर्गात मागे पडण्याचं हे एक सहज सुटणारं कारण आहे. ते राहून गेलं तर पुढच्या सगळ्या चाचण्यांचे निष्कर्षही डळमळीत होतात.

त्यानंतर कोणाकडे कशासाठी जायचं हा गोंधळ असतो. वाढ आणि विकासाचं एकूण चित्र मुलांचे विकासतज्ज्ञ डॉक्टर पाहतात. बुद्धिमत्ता, लक्ष, वाचन-लेखन यांच्या चाचण्या मानसशास्त्रज्ञ घेतात. भाषा, उच्चार आणि काही वेळा गिळण्याच्या अडचणी स्पीच थेरपिस्टकडे. कपडे घालणं, पेन्सिल धरणं, आवाज किंवा स्पर्श सहन न होणं हे ऑक्युपेशनल थेरपिस्टकडे. चालणं, तोल, स्नायूंचा ताठरपणा यासाठी फिजिओथेरपिस्ट. हे एका कागदावर लिहून दिलंत तरी पालकांच्या चार फेऱ्या वाचतील.

तपासणीला सोबत जाण्याची तयारी दाखवा, पण लिहून घेणारा म्हणून. निदान ऐकल्यानंतरची वाक्यं बहुतेक पालकांना आठवत नाहीत. सोबतच्या माणसाने ती टिपून घ्यावीत आणि निघण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात: यातलं पक्कं काय आणि अंदाज काय? पुढचे तीन महिने आम्ही नेमकं काय करायचं? पुन्हा कधी दाखवायचं?

अहवालातला बुद्ध्यांक पालकांच्या मनात घर करून बसतो, म्हणून तो नीट समजावून द्यावा लागतो. नेहमीच्या चाचण्यांत सरासरी १०० धरलेली असते आणि साधारण ७० च्या खालचा आकडा बौद्धिक अक्षमतेकडे बोट दाखवतो. पण केवळ आकड्यावर ते निदान होत नाही. रोजच्या जगण्यातली कामं मूल कशी करतं, हेही पाहावं लागतं. न बोलणाऱ्या किंवा अनोळखी खोलीत घाबरलेल्या मुलाच्या चाचणीत त्याची खरी समज उतरत नाही. अध्ययन अक्षमतेची गोष्ट आणखी वेगळी. डिस्लेक्सिया असलेल्या मुलाची बुद्धी सामान्य किंवा त्याहून वरची असू शकते. अडचण अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालण्यात असते. ‘हुशार आहे पण आळशी आहे’ हा शेरा ज्यांच्या प्रगतिपुस्तकात वर्षानुवर्षं दिसतो, त्यांच्यात अशी मुलं बरीच सापडतात.

तज्ज्ञांच्या भेटीसाठी महिनोन्‌महिने थांबावं लागलं तरी वर्गातली मदत थांबवायचं कारण नाही. पुढच्या बाकावर बसवणं, सूचना एका वेळी एकच देणं, फळ्यावरचं उतरवून घेण्याऐवजी छापील कागद देणं यासाठी कुठल्याही प्रमाणपत्राची गरज लागत नाही.

‘आमचं काय चुकलं?’

हा प्रश्न हमखास येतो, कधी शब्दांत, कधी शब्दांविना. त्याला इतिहास आहे. बालमानसोपचारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ऑटिझमचं (स्वमग्नतेचं) पहिलं सविस्तर वर्णन केलं, तेव्हा त्यांनी पालकांच्या थंड स्वभावाचाही उल्लेख केला. पुढे ब्रूनो बेटलहाइम यांच्यासारख्यांनी त्याचा थेट आरोप केला: आईच्या मायेअभावी मूल असं झालं. अनेक आयांनी हा ठपका आयुष्यभर वागवला. १९६४ मध्ये बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने पुराव्यांनिशी दाखवलं की ऑटिझमचं मूळ जैविक आहे. ते स्वतः ऑटिझम असलेल्या मुलाचे वडील होते. आईला दोष देणारा तो सिद्धांत शास्त्राने केव्हाच टाकून दिला. नातेवाइकांच्या बोलण्यात तो अजून अधूनमधून डोकावतो: ‘तू नोकरी करतेस म्हणून’, ‘मोबाइल दिला म्हणून’. घरातला मोठा माणूस म्हणून तुम्ही एकच काम करू शकलात, तर अशी वाक्यं तिथल्या तिथे थांबवा.

दुःखाबद्दलही एक गैरसमज आहे. निदान झालं, धक्का बसला, मग स्वीकार आला आणि विषय संपला, अशी सरळ रेघ प्रत्यक्षात नसते. सायमन ओल्शान्स्की यांनी १९६२ मध्ये मांडलं की अशा पालकांचं दुःख दीर्घकाळ चालतं, आणि ते स्वाभाविक आहे. त्याला विकृती समजून त्यावर इलाज करत बसू नये. शांत गेलेल्या दोन वर्षांनंतरही ते पुन्हा उसळतं: बरोबरीची मुलं शाळेत जाऊ लागली की, धाकटं भावंड पुढे निघून गेलं की, वयात येताना. तेव्हा ‘अजून तेच धरून बसलात?’ असं म्हणू नका. शिवाय आई आणि बाबा एकाच वेळी एकाच टप्प्यावर नसतात. एकजण माहिती गोळा करत सुटतो, दुसरा विषयच टाळतो. टाळणाऱ्याला काळजी नाही असा अर्थ घाईने काढू नये.

घरचा सराव: नवा तास काढू नका

इथे थोडं थांबू या, कारण पालकांचा सर्वांत जास्त वेळ इथे जातो.

घरी सराव करून घेण्याच्या पद्धतींमध्ये एक जुनं, अजूनही शिकण्यासारखं उदाहरण म्हणजे ‘पोर्टेज’. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या पोर्टेज या गावात १९६९ मध्ये ते सुरू झालं. ग्रामीण भागात मुलांना केंद्रावर आणणं कठीण, म्हणून प्रशिक्षित कार्यकर्ता आठवड्यातून एकदा घरी जायचा, पालकांसोबत त्या आठवड्यापुरतं छोटं उद्दिष्ट ठरवायचा, करून दाखवायचा, आणि पुढच्या भेटीत काय झालं ते पाहायचा. जागतिक आरोग्य संघटनेचा २ ते ९ वर्षांच्या मुलांच्या पालकांसाठीचा प्रशिक्षण कार्यक्रमही याच वाटेने जातो: नऊ गटसत्रं, तीन घरभेटी, आणि भर रोजच्या खेळात आणि घरकामात मुलाला सामील करून घेण्यावर.

त्यातून घ्यायचा धडा सरळ आहे. सरावासाठी वेगळा तास काढण्यापेक्षा, जे होणारच आहे त्यात सराव मिसळा. अंघोळीच्या वेळी शरीराच्या अवयवांची नावं, कपड्यांच्या घड्या घालताना रंग आणि जोड्या, जिना चढताना आकडे. थेरपिस्ट असाल तर पालकांना विचारा, ‘दिवसातली कोणती वेळ तुमच्यासाठी त्यातल्या त्यात निवांत असते?’ आणि सराव तिथेच बसवा. सकाळी शाळेला निघायच्या घाईत बूट घालायला शिकवा म्हणणं म्हणजे दोघांचाही दिवस बिघडवणं.

एका वेळी एकच कौशल्य घ्या, फार तर दोन. निवड पालकांना करू द्या. तज्ज्ञांच्या यादीत ‘तीन शब्दांचं वाक्य’ पहिलं असेल, पण आईला आधी ‘शौचाला लागली हे खुणेने सांगणं’ हवं असेल, तर तेच आधी. ज्या बदलाने घराला श्वास घ्यायला जागा मिळते, त्यावर घरचे चिकाटीने काम करतात.

कौशल्याचे तुकडे पाडायला मदत करा. टी-शर्ट घालणं म्हणजे पुढची बाजू ओळखणं, डोकं घालणं, एक हात, दुसरा हात, खाली ओढणं. शिकवताना शेवटून सुरुवात करायची: बाकी सगळं मोठ्यांनी करून द्यायचं आणि फक्त खाली ओढणं मुलाला करू द्यायचं. ते जमलं की दुसरा हात आणि ओढणं. याचा फायदा असा की प्रत्येक वेळी काम पूर्ण होण्याचा क्षण मुलाच्याच वाट्याला येतो. अनेक मुलांना पुढे काय होणार हे चित्रांत दिसलं की बरं वाटतं. उठणं, दात घासणं, कपडे, शाळा अशी चार चित्रं भिंतीवर लावा. चित्रं तुम्ही छापून, कापून, चिकटवून नेऊन द्या. ‘घरी एक तक्ता तयार करा’ असा निरोप पाठवला, की आईच्या रात्रीतला आणखी एक तास गेला.

आणि सराव झाला नाही, तर? ‘का केला नाही?’ ऐवजी ‘कुठे अडलं?’ असं विचारा. दोन आठवडे जमलं नाही म्हणजे योजना त्या घराला बसत नाही. बदलायची ती योजना.

आरडाओरडा, मारणं, लोळण घेणं

मुलाच्या वागण्यामुळे पालकांचं बाहेर जाणं हळूहळू बंद होतं. लोकांच्या नजरा सहन होत नाहीत. इथे पहिला नियम: वागणं अचानक बदललं असेल तर आधी दुखणं शोधा. दात, कान, बद्धकोष्ठता, अपुरी झोप. जे मूल सांगू शकत नाही ते चावून किंवा डोकं आपटून सांगतं.

ते कारण नसेल तर आठवडाभर तीन रकान्यांची नोंद ठेवा: आधी काय झालं, मुलाने काय केलं, नंतर काय झालं. तिसरा रकाना लोक विसरतात, आणि बरेचदा उत्तर तिथेच असतं. गणिताची वही काढली, मुलाने वही फेकली, त्याला वर्गाबाहेर पाठवलं. म्हणजे वही फेकली की गणित टळतं, हे आपणच त्याला शिकवलं. वागण्यामागे सहसा चारांपैकी एक कारण असतं: काहीतरी टाळायचं आहे, काहीतरी हवं आहे, कुणाचं तरी लक्ष हवं आहे, किंवा त्या हालचालीतून शरीराला हवी ती संवेदना मिळते. कारण कळलं की तेच मिळवायचा सोपा मार्ग शिकवायचा. ‘थांब’ असं लिहिलेलं कार्ड पुढे केलं की दोन मिनिटं सुट्टी मिळते, हे समजल्यावर वही फेकायची गरज उरत नाही.

एक इशारा पालकांना आधीच द्या. जुन्या वागण्याला प्रतिसाद देणं बंद केलं की सुरुवातीला ते वाढतं. नेमक्या त्याच दिवसांत घरातलं कुणीतरी वैतागून हार मानतं, आणि मुलाला कळतं की जास्त जोरात ओरडलं की चालतं. म्हणून घरात सगळ्यांचं एकमत झाल्याशिवाय हे सुरू करू नका. स्वतःला किंवा इतरांना इजा होत असेल, तर ते तज्ज्ञाच्या देखरेखीखालीच करायचं काम आहे.

रस्त्यात असा प्रसंग दिसला तर? गर्दी पांगवा, पिशवी धरा, भावंडाकडे लक्ष द्या. सल्ला नको.

शाळेतली बैठक

टेबलाच्या एका बाजूला पाच-सहा तज्ज्ञ आणि दुसऱ्या बाजूला एकटी आई, अशी बैठक अनेक शाळांत होते. ती बरोबरीची व्हावी म्हणून पालकांना तीन ठिकाणी आधार लागतो.

बैठकीआधी. सगळे अहवाल किमान काही दिवस आधी पालकांच्या हातात द्या. बैठकीत पहिल्यांदा कागद वाचणारा माणूस प्रश्न विचारू शकत नाही. पालकांसोबत बसून मुलाची एक पानी ओळख तयार करा: काय आवडतं, काय जमतं, कशाने बिथरतं, शांत कशाने होतं, आणि या वर्षी घरच्यांना सर्वांत जास्त काय हवं आहे. हे पान नव्या शिक्षकालाही देता येतं, नव्या डॉक्टरलाही. तीच कहाणी पुन्हा पुन्हा सांगावी लागणं हा पालकांच्या थकव्याचा एक मोठा भाग असतो. बाकी कागदांसाठी तारखेनुसार लावलेली एक फाइल आणि मोबाइलमध्ये त्यांचे फोटो, इतकं पुरतं.

बैठकीत. पालकांना आधी बोलू द्या. सोबत एक माणूस आणायची मुभा द्या. तांत्रिक शब्द आला की तिथेच सोपा करा. वैयक्तिक शिक्षण योजना, म्हणजे त्या एका मुलासाठीची उद्दिष्टं आणि मदत लिहून ठेवणारा आराखडा, ही कल्पना अमेरिकेच्या १९७५ च्या कायद्याने रुजवली, आणि पुढे अनेक देशांनी ती आपापल्या परीने उचलली. तिचा सगळा जीव उद्दिष्ट कसं लिहिलं आहे यात असतो. ‘वाचनात सुधारणा होईल’ हे उद्दिष्ट पूर्ण झालं की नाही हे कुणालाच सांगता येत नाही. ‘पहिल्या सत्राच्या अखेरीस ओळखीच्या अक्षरांचे दहा दोनअक्षरी शब्द मदतीशिवाय वाचेल, विशेष शिक्षक दर पंधरवड्याला तपासतील’ हे तपासता येतं. कोण करणार, कधी, आणि कशावरून कळणार, हे प्रत्येक ओळीत असलं पाहिजे.

बैठकीनंतर. ठरलेलं सगळं लिहून दोन दिवसांत पालकांना पाठवा. सही त्याच खोलीत, त्याच क्षणी मागू नका; घरी नेऊन वाचायला वेळ द्या. आणि रोजच्या संपर्क वहीबद्दल एक पथ्य पाळा. तिच्यात फक्त ‘आज चावला’, ‘आज रडला’ एवढंच येत असेल, तर पालक ती उघडायला घाबरू लागतात. रोज एक तरी जमलेली गोष्ट लिहा, खरी आणि नेमकी.

शाळेने प्रवेश देऊन आपण उपकार करतो असा सूर लावला, तर पालकांना आठवण करून द्या की ही मेहेरबानी नाही. स्पेनमधल्या सालामांका शहरात झालेल्या १९९४ च्या जाहीरनाम्यात ९२ सरकारांनी सर्वसमावेशक शाळांचा पुरस्कार केला. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी स्वीकारलेल्या अपंग व्यक्तींच्या हक्कांच्या कराराच्या २४ व्या कलमाने समावेशक शिक्षण हा हक्क म्हणून मांडला. अर्थात, पहिल्याच बैठकीत कलमांचे आकडे काढले की समोरचा माणूस बचावात जातो. आधी गरज सांगावी, मग लेखी विनंती, आणि त्यानंतरही दार बंद राहिलं तर कायदा.

विसावा

‘काही लागलं तर सांगा’ हे वाक्य विसरून जा. ते ऐकणाऱ्याला आधी विचार करावा लागतो, मग मागावं लागतं, मग उपकाराचं ओझं. त्याऐवजी म्हणा, ‘शनिवारी चार ते सहा मी घरी थांबतो, तुम्ही दोघं बाहेर जाऊन या.’ दिवस ठरलेला, वेळ ठरलेली, आणि दर आठवड्याला तीच. एकदाच केलेल्या मोठ्या मदतीपेक्षा ही छोटी, नेमाने येणारी मदत मोलाची, कारण तिच्या भरवशावर पालक काहीतरी ठरवू शकतात.

पालक लगेच हो म्हणणार नाहीत. मूल कुणाकडे राहील का, ही भीती खरी असते. म्हणून पहिल्या दोन वेळा पालक घरात असतानाच मुलासोबत बसा. त्यांच्याकडून शिकून घ्या आणि एका कागदावर लिहून काढा: औषधं आणि वेळा, गिळण्याची अडचण, फिट येत असेल तर काय करायचं, हो आणि नाही कसं कळतं, कोणत्या आवाजाला घाबरतं, फोन कुणाला करायचा. मग ते अर्धा तास बाहेर जाऊन येतील. मग एक तास. आजी-आजोबांना नातवाची भीती वाटते असं अनेकदा दिसतं; प्रेम कमी नसतं, हाताळायचं कसं ते कुणी दाखवलेलं नसतं. त्यांनाही हाच कागद उपयोगी पडतो.

मुलाशी संबंध नसलेली कामंही विसाव्यातच येतात. बिलं भरणं, रांगेत उभं राहणं, अर्ज भरणं, धाकट्याला शाळेतून आणणं. खरं तर अर्ज भरून देणारा मित्र हा दहा प्रेरणादायी संदेश पाठवणाऱ्या मित्रांपेक्षा बरा.

थकवा आणि नैराश्य यांतला फरकही लक्षात ठेवा. विश्रांती मिळाल्यावरही झोप लागत नसेल, दोन आठवड्यांहून अधिक काळ कशातच मन लागत नसेल, स्वतःला संपवण्याचे किंवा ‘मी गेल्यावर याचं काय, त्यापेक्षा दोघं मिळून…’ असे विचार बोलण्यात आले, तर थेट विचारा, ‘जीव द्यावासा वाटतो का?’ विचारल्याने तो विचार कुणाच्या मनात रुजत नाही. त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा मानसोपचारतज्ज्ञापर्यंत पोहोचवा.

पालकाला पालक भेटवणं

तज्ज्ञ कितीही चांगला असला तरी पहाटे तीन वाजता जागं असण्याचं दुःख दुसऱ्या पालकालाच लवकर कळतं. १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ओमाहा शहरात ‘पायलट पेरेंट्स’ नावाचा उपक्रम सुरू झाला. अनुभवी पालकाची गाठ नव्या पालकाशी घालून द्यायची, एवढीच त्याची कल्पना. पुढे ती खूप पसरली. जोडी लावताना मुलाचं वय आणि गरज जवळपासची असावी. अनुभवी पालकाला ऐकण्याचं थोडं प्रशिक्षण द्यावं, नाहीतर तो स्वतःचीच कहाणी सांगत राहतो.

गट चालवत असाल तर वेळ आणि जागा पालकांच्या सोयीची ठेवा, मुलांना सांभाळायची व्यवस्था करा (नाहीतर ज्यांना सर्वाधिक गरज आहे तेच येऊ शकणार नाहीत), आणि वडिलांना वेगळं आमंत्रण द्या. ‘पालक सभा’ म्हटलं की बहुतेक ठिकाणी आयाच येतात. गटात ऐकलेलं बाहेर सांगायचं नाही, आणि मुलांची आपसांत तुलना करायची नाही, हे दोन नियम पहिल्याच दिवशी सांगा.

तिसरा नियम उपचारांबद्दलचा. गटात कुणीतरी ‘आमचा मुलगा अमक्याने पूर्ण बरा झाला’ असं सांगणारच. १९९८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात अवघ्या १२ मुलांवरचा एक लेख आला आणि गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लशीचा संबंध ऑटिझमशी जोडला गेला. २०१० मध्ये तो लेख मागे घेतला गेला. भीती मात्र अजून फिरते आहे. शरीरातले धातू काढून टाकण्याच्या नावाखाली दिलेल्या किलेशन उपचारात २००५ मध्ये अमेरिकेत ऑटिझम असलेला पाच वर्षांचा मुलगा दगावला. काही लोक मुलांना क्लोरिन डायऑक्साइड, म्हणजे चक्क ब्लीच, पाजायला सांगतात. अशा वेळी पालकांना मूर्ख ठरवू नका; आशेपोटीच ते तिथे जातात. सोबत बसून प्रश्न विचारा: हा उपचार एकाच वेळी अनेक निरनिराळ्या आजारांवर चालतो असं म्हणतात का? पुरावा म्हणून फक्त अनुभव सांगतात का? सांगणाराच विकतोही आहे का? सुरू असलेली औषधं बंद करायला सांगतात का? यातल्या एकाचंही उत्तर हो आलं, तर आपल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भावंडं

भावंडांना त्यांच्या वयाला झेपेल अशी खरी माहिती द्यायला पालकांना मदत करा. लहान मुलं अनेकदा आपल्यामुळेच हे झालं किंवा आपल्यालाही होईल असं समजून बसतात. आणि त्यांच्या वाट्याला आईबाबांचा थोडा वेळ यावा, म्हणून विशेष गरजा असलेल्या मुलाला तुम्ही बाहेर न्या. बहुतेक लोक उलट करतात: सोप्या मुलाला फिरवून आणतात.

वयात येताना आणि त्यानंतर

शरीरातले बदल बौद्धिक वयाची वाट पाहत नाहीत. पाळी, स्वप्नदोष, खासगी जागा आणि चारचौघांतली जागा यांतला फरक, कुणी कुठे हात लावायचा नाही, हे सगळं बदल सुरू होण्याच्या एक-दोन वर्षं आधीपासून, चित्रांच्या मदतीने आणि अवयवांची खरी नावं वापरून शिकवावं लागतं. अक्षमता असलेल्या मुलांचं लैंगिक शोषण होण्याचा धोका इतरांहून जास्त असतो, त्यामुळे संकोचाला इथे जागा नाही. ‘नाही’ म्हणायला शिकवायचं असेल तर घरात, थेरपीत, वर्गात त्याच्या ‘नाही’ला कधीतरी मान मिळालेला असला पाहिजे.

शाळा संपण्याच्या तीन-चार वर्षं आधी पुढच्या आयुष्यावर बोलणं सुरू करा: काम, राहणं, पैशांचा व्यवहार, कायदेशीर निर्णय कोण घेणार. त्या चर्चेत मुलालाही बसवा, त्याला कळेल अशा पद्धतीने. आपल्या माघारी काय, हा प्रश्न पालक टाळतात, कारण तो एकट्याने उघडायचा धीर होत नाही. तुम्ही एक वही घेऊन त्यांच्याकडे बसा आणि छोट्या गोष्टींपासून लिहायला घ्या: झोपताना काय लागतं, कोणते कपडे टोचतात, आजारी असल्याचं कशावरून ओळखायचं, कोणती माणसं त्याची आवडती, कोणत्या डॉक्टरांकडे कोणते कागद आहेत. मृत्युपत्र, पालकत्व आणि ठेवींसाठी वकील लागेल, आणि ते नियम प्रत्येक देशात निराळे असतात. ही वही मात्र आजपासून लिहिता येते. दर वाढदिवसाला ती पुन्हा वाचून दुरुस्त करायची, आणि ती कुठे ठेवली आहे हे घराबाहेरच्या किमान दोघांना ठाऊक असलं पाहिजे.